केस धुवायला विष्णुपुरीचं पाणी

आमच्या बिल्डिंगीत कुकरची शिट्टी होत नव्हती. तीन मजले, नऊ खोल्या, नऊ खोल्यांत नऊ आया आणि नऊ लेकरं. लेकरं सगळी अकरावी-बारावीची, डॉक्टर करायला लातूरला आणलेली, आणि आया त्यांच्या मागं आलेल्या, डबा करून घालायला. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, लेकरं अभ्यासाला बसली की शिट्टी नको, मिक्सर नको, फोन आला तर जिन्यात जाऊन बोलायचं. मग आम्ही वरण पातेल्यात शिजवायचो, तासभर राखण करत. शेंगदाण्याचा कूट करायचा तर खलबत्त्याखाली गोधडीची घडी. बोलणं सगळं कुजबुजत. दीड वर्षात माझा आवाज असा बसला की दिवाळीला गावी गेले तर सासूबाई म्हणल्या, हिला काय झालंय, चोरावाणी बोलायली.

माझा खरा आवाज मोठा. शिरूर अनंतपाळ तालुक्यात आमचं गाव, घरची शेती, सोयाबीन आणि तूर, दावणीला म्हशी. मी बांधावरून हाक मारली की पार ओढ्यापलीकडं माणूस वळून बघायचं. अशा मला दहा बाय बाराच्या खोलीत आणून बसवलं. आणून बसवलं म्हणते, पण हट्ट माझाच होता, उगं दुसऱ्यावर कशाला ढकलू. खोलीला एक खिडकी, ती शेजारच्या बिल्डिंगीच्या जिन्याकडं उघडायची, म्हणजे उघडून उपयोग काय तर येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय दिसायचे. लेकीचं टेबल खिडकीला लावलेलं. ती तिकडं तोंड करून बसायची आणि मी मागं भिंतीला टेकून शेंगा सोलत, गहू निवडत. दीड वर्ष मी माझ्या लेकीची पाठ बघितली.

याच खोलीत तिचे केस जायला लागले. ते का जातात हे बिल्डिंगीतल्या सगळ्यांना माहीत होतं, मला तर सगळ्यात जास्त माहीत होतं. म्हणूनच इतके महिने गेले.

आधी माझी एक शान सांगते. माझ्या लेकीच्या मनातलं मला तिच्या आधी कळतं, हे मी गावभर सांगायचे. ती चार वर्षांची असताना नणंदेनं तिला फ्रॉक घ्यायला उदगीरला नेलं होतं, मी बरोबर होते. दुकानदारानं विचारलं, बेटा, कोणता रंग? तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणलं, निळा, तिला निळाच लागतो. तेव्हापासून तिचं सगळं निळं. दप्तर निळं, चप्पल निळी, पाण्याची बाटली निळी. पाहुणा आला आणि कितवीला आहेस म्हणून विचारलं की उत्तर मी द्यायचे. तिला गोड चालत न्हाई. ती लाजते, पण मनातून खूश हाय. तिला गर्दीत कसंतरी होतं. ती माझ्याशेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत राहायची, आणि बाया म्हणायच्या, माय असावी तर अशी. मला मूठभर मांस चढायचं.

डॉक्टर व्हायचं तिच्या मनात आहे हेसुद्धा मीच ओळखलं. आठवीत होती. रेडकाच्या पायाला तार लागली होती, तिनं हळद दाबून धरली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी चार घरी सांगून आले, हिला डॉक्टर व्हायचंय. ती काय म्हणली होती? आठवायचा मी आता खूप प्रयत्न करते. काही म्हणली असेल असं वाटत नाही.

पण मी अशी का झाले त्याला कारण आहे. माझं माहेर नांदेडचं, विष्णुपुरीच्या धरणाजवळ. दहा वर्षांची असताना मला धर्माबादला मावशीकडं ठेवलं, तिचं बाळ सांभाळायला. वर्षभर. जातीस का म्हणून कोणी विचारलं नाही, एका सकाळी फ्रॉक पिशवीत भरले आणि गाडीत बसवलं. मावशीच्या घरी मिरचीचा धंदा. सोप्यात पोती लावलेली असायची. मी त्या पोत्यांमागं बसून रडायचे. डोळे लाल दिसले की मावशी म्हणायची, मिरचीनं झालेत. बाबा दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा माझे डोळे बघून म्हणले, मिरचीचं गाव हाय, असं व्हायचंच. पेरू दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. माणूस वाईट नव्हता हो. पण ते अजून एकदा विचारतील म्हणून मी दारापर्यंत मागं गेले होते. त्या दिवशी पोत्यांमागं बसून मी ठरवलं, माझ्या लेकराला मला काही सांगावंच लागणार नाही. मला आपोआप कळेल.

आणि मला कळत होतं. म्हणजे, तसं मी समजत होते.

लातूरला दर रविवारी क्लासमध्ये पेपर व्हायचा आणि सोमवारी दुपारी मार्क पालकांच्या मोबाईलवर यायचे. लेकीच्या आधी मला. आमच्या मजल्यावरच्या दुसऱ्या दोघी मार्क कमी आले की पोरांना फाडून खायच्या, नाहीतर दार लावून रडायच्या. मी म्हणलं, आपण असं करायचं नाही. लेकराला टेन्शन द्यायचं नाही. जिन्यात तिच्या सँडलचा आवाज आला की मी ओला हात तोंडावरनं फिरवायचे, पदरानं पुसायचे आणि हसू आणायचे. मार्क कितीही पडोत, मी हसत दार उघडायची बाई. ती उंबऱ्यात क्षणभर थांबायची, माझ्या तोंडाकडं बघायची आणि तसंच हसायची. मला वाटायचं, बघा, लेकरू कसं मजेत आहे. मीही तोंडावरची रेष हलू द्यायचे नाही. अशा आम्ही दोघी त्या एवढ्याशा खोलीत एकमेकीकडं बघून हसत राहायचो, आणि मग ती टेबलाकडं तोंड करून बसायची.

बारावीच्या दसऱ्याला तिची वेणी घालताना मला डोक्याच्या मधोमध, जरा मागच्या बाजूला, एक मोकळी जागा दिसली. रुपयाएवढी. कातडी पांढरी, गुळगुळीत नाही, जरा खरबरीत लागायची. शेजारणीला बोलावून दाखवलं. तिनं नुसतं बघितलं आणि म्हणली, लातूरचं पाणी.

झालं. त्यावर कुणी दुसरा विचार केला नाही, कारण ते खरंच होतं. बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसायचा, साबणाला फेस येत नव्हता, तव्यावर पाणी शिंपडलं तर चुन्यासारखे ठिपके पडायचे. माझे केस गळत होते, शेजारणीचे गळत होते, घरमालकीणबाईंनी तर बॉबकट करून टाकला होता. लातूरला शिकायला आलेल्या पोरींचे केस जातात हे आम्ही गृहीतच धरलेलं. प्रत्येकीकडं एकेक उपाय. कांद्याचा रस, मेथ्या, एरंडेल. मी सगळे केले. खोलीला आठ-आठ दिवस कांद्याचा वास राहायचा, पोर तशीच क्लासला जायची.

मग माझ्या डोक्यात आलं, पाण्यानं जातात तर पाण्यानंच येतील. मी विष्णुपुरीच्या पाण्यावर वाढले. माझी वेणी लग्नात कंबरेखाली होती, बघायला आलेल्या बायांनी हात लावून बघितली होती. मी गोडेतेलाचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेतले, राखेनं घासले, गरम पाणी आणि सोड्यानं विसळले, उन्हात पालथे घातले. आणि दर दुसऱ्या शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं नांदेडला जायला लागले. साडेतीन तास जायला, साडेतीन तास यायला. मध्ये दोन तास भावाच्या घरी, आईजवळ बसायचं, भावाच्या नळाला कॅन लावायचे आणि परत फिरायचं. भाऊ म्हणायचा, अगं ताई, हे बी क्लोरिनचंच पाणी हाय, गोदावरी काय थेट नळातून येते का? मी म्हणायचे, तू गप बैस. एकदा अहमदपूरच्या पुढं कंडक्टरनं कॅनला बोट लावून विचारलं, मावशी, तूप हाय का? मी म्हणलं, पाणी. तो हसायलाच लागला. म्हणला, लातूरला रेल्वेनं पाणी न्हेऊन झालं, आता तुम्ही एस.टी.नं न्हेताव का? अख्खी गाडी हसली. मला राग आला, पण मनातून बरंही वाटलं. आपलं लेकरासाठी काहीतरी चाललंय हे चार लोकांना दिसलं.

रविवारी पेपर देऊन ती आली की आम्ही केस धुवायचो. मोरीजवळ पाट टाकायचा, ती मान खाली घालून बसायची, आणि मी तांब्यातांब्यानं ते पाणी सोडायचे, थेंब वाया जाऊ द्यायचे नाही. हफ्त्यातला तेवढाच तास मला सुखाचा वाटायचा. बरं वाटतं न्हाई का गं, असं मी विचारायचे, आणि तिचं काही ऐकायच्या आत म्हणायचे, वाटणारच, कसे मऊ झालेत बघ. ती डोळे मिटून हूं म्हणायची. ती हूं म्हणली की माझे साडेतीन-साडेतीन तास वसूल.

जागा मात्र वाढत होती. रुपयाची पुरीएवढी झाली. ती वरून केस ओढून क्लिप लावायची, क्लासला स्कार्फ बांधून जायची. पुस्तकांच्या घडीत मला केस सापडायचे. एकेका पानात तीन-तीन, चार-चार. लांब, सरळ, एका टोकाला पांढरा ठिपका असलेले. मी ते गोळा करून गुंडाळी करायचे आणि पाण्याला शिव्या घालायचे. एवढे केस एकाच पुस्तकात कसे गळतात, असं माझ्या मनात आलं नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकात कमी आणि फिजिक्सच्या पुस्तकात जास्त का, असंही आलं नाही.

फेब्रुवारीत मी हात टेकले. डॉक्टरकीच्या परीक्षेला तीन महिने राहिले होते. भावाच्या ओळखीनं नांदेडात एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला आणि लेकीला घेऊन गेले. कॅनही नेले बरोबर. सकाळी भावाकडं उतरलो, आधी कॅन भरून ठेवले, मग दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग वहीत लिहिता लिहिता विचारायला लागल्या. जेवण? मी म्हणलं, तिला भूकच कमी, पहिल्यापासून. झोप? मी म्हणलं, झोपते, पण तिला पहाटेचा अभ्यास आवडतो. डोक्याला खाज येते? न्हाई, तिला तसलं काही होत न्हाई, पाण्यानं झालंय हे, लातूरला बोअरचं पाणी हाय ना. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, डोकं हिचं हाय का तुमचं?"

मी ओशाळून हसले. त्या लेकीकडं वळल्या. लेकीनं माझ्याकडं बघितलं. त्यांनी साधंच विचारलं, रात्री झोप लागते का गं तुला? लेकीनं परत माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, लागते. कंटाळा येतो का अभ्यासाचा? माझ्याकडं बघितलं, नाही. दर प्रश्नाला तिची मान आधी माझ्याकडं फिरायची, माझ्या तोंडावरचं काहीतरी घ्यायची आणि मग तिकडं जाऊन उत्तर द्यायची. ते मी सतरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं. म्हणजे दिसत तर रोजच होतं. आईकडं नको, माझ्याकडं बघ, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणल्या. तिला जमेना. मी बाहेर थांबू का म्हणलं तर तिनं माझा पदरच धरला.

तेव्हा त्या म्हणल्या, ताई, तुम्ही इथंच थांबा, फक्त खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसा. मला राग आला. शाळेत उभं केल्यासारखं काय हे. पण लेकीसमोर तोंड वाकडं करायचं नाही म्हणून फिरवली खुर्ची. भिंतीला कातडीच्या रोगांचा तक्ता होता, गजकर्ण, नायटा, सगळी चित्रं. मी ती चित्रं बघत बसले. पंखा तेवढा चालू. डॉक्टरीणबाईंनीही घाई केली नाही.

मग माझ्या मागून माझ्या लेकीचा आवाज आला, आणि तो मला ओळखू आला नाही. जरा जाड होता, मोठा होता. लहानपणी माझा होता तसा.

"गळत नाहीत. मीच उपटते."

डॉक्टरीणबाई म्हणल्या, बरं. कधीपासून? ती म्हणली, अकरावीपासून. फिजिक्सचं गणित अडलं की एक. मग दुसरं. उपटलं की जरा वेळ बरं वाटतं. मग वाईट वाटतं. मग परत. त्यांनी विचारलं, आईला का नाही सांगितलंस? आणि त्यावर तिनं जे सांगितलं ते ऐकताना मी त्या तक्त्यावरची अक्षरं नुसती बघत होते, एकही वाचता येत नव्हतं.

"मम्मी म्हणली पाण्यानं जातात. मम्मीला सगळं कळतं. मग मला पण वाटायला लागलं, पाण्यानंच जात असतील. हातात केस असायचा, तरी वाटायचं."

मला मिरचीची पोती दिसली. धर्माबादला मिरचीचं नाव होतं, लातूरला पाण्याचं, एवढाच फरक. बाबांनी निदान मला पेरू देऊन माझं रडणं माझ्याजवळ ठेवलं होतं. मला ठाऊक होतं मी का रडते. माझ्या लेकीजवळ मी तेवढंसुद्धा ठेवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला फिरवून घेतलं आणि समजावून सांगितलं. असं होतं पोरांना, वेड नाही हे, रागावू नका, हात बांधू नका, मनाच्या डॉक्टरला दाखवा, त्यांनी चिठ्ठी दिली. त्या सगळं नीट सांगत होत्या आणि मी हाव, हाव करत मान हलवत होते.

भावाच्या घरून कॅन उचलले. तिथं ठेवून यावेत असं मनात आलं, पण ठेवले असते तर वहिनीनं विचारलं असतं. एस.टी.त लेक खिडकीशी, मी शेजारी, कॅन आमच्या पायांत. गाडी खचाखच भरलेली. लोहा मागं पडलं. मग माझ्यातली मी बाहेर आलेच. माझा राग असाच, वेळ बघत नाही. मी दात ओठ खात कुजबुजले, का केलंस गं असं? मी काय कमी केलं होतं तुला? हे कॅन वाहून वाहून माझे खांदे गेले आणि तू गंमत बघत बसलीस? तिनं लगेच माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा वाचला. आणि हसली. म्हणली, सॉरी मम्मी, आता नाही करणार, खरंच, तू टेन्शन घेऊ नको.

ते हसू माझं होतं. सोमवारी दुपारी ओला हात फिरवून मी तोंडावर आणायचे तेच. कुठं रेष कमी नाही की जास्त नाही. मला एस.टी.तनं उतरून पळावंसं वाटलं, पण पायात दहा लिटर पाणी आणि उभ्या माणसांनी रस्ता भरलेला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. केस येतील, नाही येतील. परीक्षा होईल, नाही होईल. मला एकच भीती बसली. ही पोर आता जन्मभर आपल्याला काय होतंय ते दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवणार का? आज माझं तोंड आहे, उद्या नवऱ्याचं असेल, सासूचं असेल. आणि हे शिकवलं कुणी, तर मी.

लातूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यात दोघी शेजारणी भेटल्या, कुजबुजत विचारलं, काय म्हणल्या डॉक्टर? मी म्हणलं, पाण्यानंच. काय सांगणार होते? खोलीत आल्यावर लेकीनं सँडल काढले, स्कार्फ काढला आणि सवयीनं टेबलाशी जाऊन बसली. पुस्तक उघडलं. मी चहा ठेवला. तेवढ्यात यांचा फोन आला म्हणून मी जिन्यात गेले. सगळं सांगितलं. हे शेतात होते, मागं मोटारीचा आवाज येत होता. मला वाटलं आता रागावतील, किंवा म्हणतील तीनच महिने राहिलेत, काढा कसेतरी. पण त्यांनी विचारलं, तिचं काय म्हणणं हाय? घरी यायचं म्हणती का तिथंच राहायचं म्हणती?

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. तिला परीक्षा द्यायचीच हाय, ती जिद्दीची हाय. मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की मला माहीत नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. विचारून सांगते, मी म्हणलं. हे जरा चकितच झाले असतील.

आत आले. चहा उतू गेला होता, तो पुसला. मग तिच्याजवळ जाऊन विचारलं, तुला घरी जायचंय का? ती वळली. तिची नजर सरळ माझ्या तोंडावर आली आणि शोधायला लागली. कपाळ, डोळे, ओठ. मी किती ठरवलं की चेहऱ्यावर काही ठेवायचं नाही, तरी तिला काहीतरी सापडलं असणार, कारण ती म्हणली, नाही, कशाला? राहू की. आणि हसली.

मग मी ते केलं. मला दुसरं काही सुचलं नाही. गॅसच्या ओट्याकडं गेले, भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि म्हणलं, आता सांग. समोर पापुद्रे सुटलेला निळा रंग होता, खिळ्याला गाळणी लटकलेली. शेजारच्या खोलीत कुणीतरी सूत्रं पाठ करत होतं, तेवढं ऐकू येत होतं. माझे पाय दुखत होते. सारखं वाटायचं आपणच बोलावं. तिला काय म्हणायचंय ते मी दहा वेळा मनात जुळवलं आणि दहा वेळा दात घट्ट आवळले.

"घरी जायचंय का?" मी गाळणीकडं बघत परत विचारलं.

माहीत नाही, ती म्हणली.

मग इथं राहायचंय?

माहीत नाही.

बरं, मी म्हणलं. बरं म्हणायला मला किती जोर लावावा लागला ते माझं मला माहीत. मला वाटलं संपलं, एवढंच. चहा ओतावा म्हणून मी कपाकडं हात नेला. तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठून कॅनजवळ गेली असावी, कारण त्यातलं पाणी जरा डुचमळलं.

"मम्मी, या पाण्याला तेलाचा वास येतो. पहिल्यापासून येतो. मला मळमळायचं."

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. दर रविवारी. मान खाली घालून, डोळे मिटून, हूं म्हणत. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि तोंडाचं काय झालं असेल ते माझ्या हातात नव्हतं. मी ओट्याची कड धरली आणि वळले नाही. वळले असते तर माझं तोंड बघून तिनं ते लगेच परत घेतलं असतं. नाही गं मम्मी, एवढा काही येत नाही, असं म्हणली असती. गाळणीवर डोळे लावून मी तशीच उभी राहिले आणि म्हणलं, अजून काय?